वॅक्स, सिरॅमिक की पीपीएफ? गाडीच्या रंगासाठी योग्य संरक्षण कसं निवडावं

नवी गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: कोटिंग करून घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं? कुणी सांगतं, सिरॅमिकशिवाय पर्याय नाही. कुणी म्हणतं, अख्खी गाडी पीपीएफने, म्हणजे पारदर्शक संरक्षक फिल्मने मढवून टाका. कुणाच्या मते वॅक्सचा एक डबा पुरेसा असतो. तिघांचंही खरं असू शकतं, कारण तिघांच्या गाड्या वेगवेगळ्या परिस्थितीत उभ्या राहतात आणि धावतात. म्हणून "सगळ्यांत भारी कोटिंग कोणतं" हा प्रश्न सध्या बाजूला ठेवू. तुमच्या गाडीच्या रंगाला नेमका त्रास कशाचा आहे ते आधी शोधायचं आणि मग त्या त्रासावरचा उपाय निवडायचा. हा क्रम पाळलात, तर पुढचे निर्णय सोपे होतात.

रंगाचे थर समजून घ्या

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. सगळ्यांत खाली गंज रोखणारा थर असतो. अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने तो चढवतात. त्यावर प्रायमर. त्यावर बेस कोट, म्हणजे आपल्याला दिसतो तो रंग. आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. बहुतेक गाड्यांमध्ये हे सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ.

गाडीची सगळी चकाकी या पातळ थरात असते. अतिनील किरण शोषणारी द्रव्यंही याच थरात मिसळलेली असतात. खाली बसलेला रंग उन्हात टिकतो तो त्यांच्या जोरावर. आणि गाडी "पॉलिश" करणं म्हणजे हाच थर घासून कमी करणं. हलक्या फिनिशिंग पॉलिशने फार काही जात नाही, पण ओरखडे काढायला जोरदार कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, मारलं की काही मायक्रॉन कायमचे जातात. ते परत येत नाहीत. असं वारंवार केलं की एक दिवस छतावर किंवा बोनेटवर पांढरट चट्टे दिसू लागतात, क्लिअर कोटचे पोपडे सुटतात, आणि मग तो भाग नव्याने रंगवण्याशिवाय गत्यंतर नसतं.

म्हणून माझ्या मते संरक्षणाचा खरा हेतू एकच: पॉलिशिंगचं मशीन गाडीपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवणं. चकाकी, पाण्याचे टपोरे थेंब, आरशासारखा दिसणारा दरवाजा हे सगळं त्यासोबत मिळतं आणि छानही वाटतं. पण कोणताही पर्याय तोलताना विचारायचं ते हे, की यामुळे माझ्या क्लिअर कोटवर घासण्याची वेळ किती कमी येईल?

आपल्या गाडीचे शत्रू ओळखा

रंगाला त्रास देणाऱ्या गोष्टींचे ढोबळ दोन गट पडतात. एक गट रंगावर बसून त्याला खातो. दुसरा त्याला ओरबाडतो किंवा टोचतो. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण पहिल्या गटावर कोटिंग चालतं आणि दुसऱ्यातल्या मोठ्या शत्रूवर फक्त फिल्म चालते.

पहिल्या गटात पक्ष्यांची विष्ठा सगळ्यांत वाईट. ती आम्लधर्मी असते हे एक कारण. दुसरं कारण उन्हाचं. तापलेल्या पत्र्यावरचा क्लिअर कोट थोडा मऊ होतो, फुगतो. वर विष्ठा वाळून कडक होत असते. संध्याकाळी पत्रा थंड झाला की क्लिअर कोट आकसतो आणि त्या वाळलेल्या ढेकळाचा ठसा स्वतःवर घेतो. म्हणून कधी कधी विष्ठा धुऊन टाकली तरी तिथे निस्तेज, खडबडीत डाग उरतो. कडक उन्हात हे काही तासांतही होऊ शकतं. चिरडलेले किडे आणि झाडाचा चीक यांचंही थोड्याफार फरकाने तसंच.

मग पाण्याचे डाग. बोअरवेलच्या किंवा कोणत्याही जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळतो, क्षार मागे राहतात, आणि ऊन मिळालं की ते गोल डाग क्लिअर कोटमध्ये रुतत जातात. ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून उडणारी लोखंडाची पूड हाही एक छुपा शत्रू आहे. ती रंगात टोचून बसते आणि गंजते. पांढऱ्या गाडीवर बारीक तपकिरी ठिपके दिसले, तर बहुतेक वेळा ते हेच असतात.

दुसऱ्या गटात दोन प्रमुख शत्रू. पहिला, समोरच्या वाहनाच्या चाकातून उडून येणारे खडे. त्यांचा मारा बोनेटची पुढची कड, बंपर आणि आरशांची पाठ यांना बसतो. दुसरा शत्रू आपल्याच हातात असतो: फडकं. धुळीने माखलेली गाडी कोरड्या कपड्याने पुसली की त्या धुळीतले वाळूचे कण क्लिअर कोटवरून ओढले जातात. उन्हात गाडी पाहिली की प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात, त्या या पुसण्यातून आलेल्या असतात. त्यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. बहुतेक गाड्यांचा रंग खड्यांमुळे किंवा उन्हामुळे जितका खराब होतो, त्याहून जास्त चुकीच्या पुसण्याने होतो, असं माझं ठाम मत आहे. हे सुधारलं नाही, तर महागातलं महाग कोटिंगही काही महिन्यांत निस्तेज दिसू लागतं.

आता गाडीजवळ जाऊन पाहा

उत्पादनांची नावं पाहण्याआधी ही तपासणी करा. गाडी नीट धुऊन वाळवा. सावलीत किंवा बंद जागेत उभी करा आणि मोबाईलचा टॉर्च बोनेटवर तिरपा धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती गोल ओरखडे दिसतात का? गाडी अगदी नवी असली तरी पाहा. शोरूममध्ये पोहोचेपर्यंत आणि ताब्यात देण्याआधी तिची बरीच पुसापुशी झालेली असते, त्यामुळे नव्या कोऱ्या काळ्या गाडीवरही ओरखडे सापडतात.

मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून, बोटांच्या टोकांनी बोनेट आणि छतावरून हळुवार हात फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पृष्ठभाग पिशवीतून खरखरीत लागला, तर रंगात कण टोचून बसले आहेत. पिशवीमुळे बोटांना बारीक खडबडीतपणाही चटकन कळतो. काही गाड्यांत उभे दरवाजे गुळगुळीत आणि छत सँडपेपरसारखं लागतं, कारण उडणारी पूड आडव्या भागांवर बसते.

गाडी जुनी घेतली असेल, तर कोणता भाग पुन्हा रंगवलेला आहे का ते शोधा. दरवाज्याच्या रबरी पट्टीवर रंगाचे बारीक तुषार, कडेला टेपची पुसट रेघ, शेजारच्या भागापेक्षा किंचित वेगळी छटा, या खुणा साध्या डोळ्यांनाही दिसतात. चांगल्या वर्कशॉपमध्ये रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र असतं. बाकी गाडीवर १२० मायक्रॉन आणि एकाच दरवाज्यावर २५० दाखवलं, तर तो दरवाजा पुन्हा रंगवला गेलाय. उलट एखाद्या भागाची जाडी शेजारच्या भागांपेक्षा बरीच कमी निघाली, तर तिथे आधीच खूप घासलं गेलं असण्याची शक्यता असते आणि तिथे पुन्हा कंपाउंड मारू देऊ नये.

शेवटी चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं द्या. गाडी उभी कुठे राहते: छपराखाली, उन्हात की झाडाखाली? आठवड्यात महामार्गावर किती धावते? ती किती वर्षं ठेवायची आहे? आणि ती धुतं कोण? चौथ्या प्रश्नाला बहुतेक जण हलकं समजतात. पण तुमची गाडी रोज सकाळी दुसरं कुणी एकाच बादलीतल्या पाण्याने आणि एकाच फडक्याने पुसत असेल, तर कोटिंग निवडण्याआधी तेवढं थांबवा.

पर्याय एकेक करून

वॅक्स हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत सोपा पर्याय. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतो. ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरून तो मिळतो, आणि नैसर्गिक मेणांमध्ये तो फार कडक मानला जातो. तो साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतो. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा या तापमानाच्या फारसा मागे नसतो, म्हणून कडक उन्हात वॅक्स लवकर उडतं. काही आठवडे ते दोन-तीन महिने, एवढंच त्याचं आयुष्य. पण गडद रंगावर त्याची झळाळी ऊबदार दिसते, लावायला कौशल्य फारसं लागत नाही, चुकलं तर पुसून टाकता येतं. ज्याला सुटीच्या दिवशी गाडीसोबत दोन तास घालवायला आवडतात, त्याने वॅक्सपासूनच सुरुवात करावी.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचं वॅक्स. लावायची पद्धत तीच, टिकतं जास्त: चार-सहा महिने, निगा चांगली असेल तर त्याहूनही पुढे. हल्ली फवारून पुसायचे सीलंट मिळतात. त्यांत थोडं सिलिका असतं आणि बाटलीवर "सिरॅमिक" असं ठळक छापलेलं असतं. उत्पादन म्हणून ती चांगली आहेत. फक्त त्यांना खऱ्या सिरॅमिक कोटिंगच्या रांगेत बसवू नका.

टेफ्लॉन कोटिंगबद्दल स्पष्ट सांगतो: त्यावर खर्च करू नका. टेफ्लॉन हे पीटीएफई या पदार्थाचं व्यापारी नाव. १९३८ मध्ये तो योगायोगाने सापडला आणि कशालाही न चिकटणं हाच त्याचा गुण. तव्यावर तो बसवतात तेव्हा ३०० अंशांच्या वर तापवावा लागतो, तेव्हा कुठे त्याचा सलग थर तयार होतो. गाडीच्या रंगाला एवढी उष्णता देताच येत नाही. त्यामुळे "टेफ्लॉन" नावाने जे लावलं जातं, त्याचा उपयोग होतो तो त्यातल्या वॅक्समुळे किंवा सीलंटमुळे. मग थेट चांगलं सीलंटच का घेऊ नये?

सिरॅमिक कोटिंग हा आज सगळ्यांत जास्त चर्चेतला पर्याय, आणि त्याबद्दल गैरसमजही सगळ्यांत जास्त. हे द्रव सिलिकॉनच्या संयुगांचं असतं. रंगावर लावलं की हवेतल्या ओलाव्याशी त्याची अभिक्रिया होते आणि काचेसारखा कडक, रसायनांना दाद न देणारा पातळ थर तयार होतो. पातळ म्हणजे किती? बहुतेक वेळा एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. चांगलं लावलं आणि निगा राखली, तर प्रकारानुसार एक ते पाच वर्षं टिकतं.

त्याची खरी ताकद पहिल्या गटातल्या शत्रूंविरुद्ध दिसते. विष्ठा, चीक, किडे, मीठ, तीव्र साबण यांना ते बराच वेळ थोपवून धरतं. ऊनही ते जास्त चांगलं सोसतं. घाण नीट चिकटत नाही, त्यामुळे धुणं सोपं होतं, घासावं कमी लागतं, आणि घासणं कमी म्हणजे ओरखडे कमी. हा अप्रत्यक्ष फायदा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. एक-दोन मायक्रॉनचा थर खडा थोपवू शकत नाही. किल्लीने मारलेली रेघ, सायकल घासून गेलेला दरवाजा, यांवरही त्याचा इलाज नाही. "९एच कडकपणा" हे शब्द जाहिरातीत दिसतील. हा पेन्सिलच्या कडकपणाचा दर्जा आहे. ठरलेल्या दाबाने निरनिराळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावरून ओढतात आणि कोणती पेन्सिल ओरखडा उमटवते ते पाहतात. ९एच ही त्या मापातली सगळ्यांत कडक पेन्सिल. खनिजांची कठीणता मोजण्याचं मोह्ज माप वेगळं. त्यात ९ क्रमांकावर माणिक आणि नीलम येतात. या दोन ९ आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, मोह्ज मापावर सातचं, आणि ते कोणत्याही पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे ९एच कोटिंगवर कोरडं फडकं फिरवलंत, तर ओरखडे येणारच.

पाण्याच्या थेंबांबद्दलही एक गोष्ट. कोटिंग केलेल्या गाडीवर पाणी गोल, टपोऱ्या थेंबांत उभं राहतं आणि ते पाहून मन सुखावतं. पण जड पाण्याचा असा थेंब उन्हात जागच्या जागी वाळला, तर सगळे क्षार एका छोट्या ठिपक्यात एकवटतात. म्हणून सिरॅमिक असलेली गाडी धुतल्यावर वाळवून घेणं साध्या गाडीपेक्षाही जास्त गरजेचं असतं.

ग्राफीन कोटिंग नावाने जे विकतात, ते मुळात सिरॅमिकच, त्यात थोडं ग्राफीन ऑक्साइड (कार्बनचं एक संयुग) मिसळलेलं. निवडताना त्या नावापेक्षा लावणाऱ्याचा हात पाहा.

आता पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची असते आणि तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. गाडीच्या चारही थरांची मिळून जाडी पुन्हा आठवा: फिल्म तेवढीच किंवा त्याहून जाड असते. म्हणून ती खड्याचा मार स्वतःवर घेते. लवचीक असल्याने धक्का पसरवते आणि रंगापर्यंत पोहोचू देत नाही. हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खड्यांपासून वाचवण्यासाठी लष्करात वापरलेल्या फिल्ममधूनच हे तंत्र पुढे गाड्यांकडे आलं. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरातले हलके ओरखडे ऊन किंवा कोमट पाणी मिळालं की आपोआप भरून येतात. फिल्म कापली गेली असेल, तर मात्र काही भरून येत नाही.

फिल्म निवडताना कशाची बनली आहे ते लेखी विचारा. पीव्हीसीची फिल्म स्वस्त पडते, पण ती कडक होते, पिवळी पडते आणि काढताना तुकडे तुकडे होऊन जीव खाते. टीपीएच नावानेही फिल्म मिळतात. त्यांची जातकुळी पीव्हीसीच्याच जवळची. शक्य असेल तर टीपीयूच घ्या, बजेट पुरत नसेल तर कमी भागांवर घ्या, पण चांगली घ्या. अख्ख्या गाडीवर वाईट फिल्म लावण्यापेक्षा फक्त बंपर आणि बोनेटवर चांगली फिल्म लावणं केव्हाही शहाणपणाचं.

रंग बदलणारं व्हिनाइल रॅप ही वेगळी गोष्ट. ते दिसण्यासाठी असतं. पीपीएफपेक्षा पातळ असल्याने खड्यांसमोर त्याचा निभाव लागत नाही.

निवड करताना

गाडी बहुतेक शहरातच फिरते, छपराखाली उभी राहते आणि तुम्ही स्वतः धुता? सीलंट किंवा वॅक्स पुरेल. उरलेले पैसे चांगल्या मायक्रोफायबर कपड्यांवर आणि शांपूवर घाला.

गाडी उघड्यावर, उन्हात किंवा झाडाखाली उभी राहते आणि ती तीन-चार वर्षं तरी ठेवायची आहे, तर सिरॅमिक कोटिंग वसूल होतं. झाडाखाली उभी राहणाऱ्या गाडीच्या मालकाने मात्र विष्ठा दिसली की लगेच काढायची सवय सोडू नये. कोटिंग तुम्हाला वेळ देतं, कायमची माफी देत नाही.

रोज महामार्ग असेल, तर पुढच्या भागाला पीपीएफ लावा. पुढचा बंपर, बोनेट, आरशांची पाठ, पुढची फेंडरं, आणि चाकांमागचा तो दरवाज्याखालचा पट्टा जिथे स्वतःच्याच टायरने उडवलेले खडे बसतात. याशिवाय हँडलमागच्या खोबणीत नखांचे ओरखडे पडतात, दरवाज्यांच्या कडा भिंतीला लागतात, आणि डिकीच्या उंबरठ्यावर सामान घासतं. या छोट्या जागांवरच्या फिल्मचा उपयोग रोज होतो. उरलेल्या गाडीवर सिरॅमिक आणि हवं तर फिल्मवरही सिरॅमिक, असा जोड पुष्कळ लोक करतात आणि मला तो सगळ्यांत संतुलित वाटतो. अट एकच: फिल्म आधी, कोटिंग नंतर. कोटिंगवर फिल्मचा गोंद नीट धरत नाही.

अख्ख्या गाडीला फिल्म लावावी की नाही, हा पैशांपेक्षा गाडीशी असलेल्या नात्याचा प्रश्न आहे. दुर्मीळ रंग असेल, पुन्हा रंगवताना छटा जुळणं अवघड असेल किंवा गाडी दहा वर्षं जपायचीच असेल, तर जरूर लावा. दोन वर्षांत विकायची असेल, तर नको.

मॅट रंगाच्या गाडीवर साधं वॅक्स लावू नका आणि पॉलिश तर कधीच करू नका. घासलं की तेवढाच भाग चकाकतो आणि तो परत मॅट होत नाही. अशा गाड्यांना मॅटसाठी बनवलेलं कोटिंग किंवा मॅट फिल्मच.

पुन्हा रंगवलेल्या भागाला सावकाश घ्या. कारखान्यातला रंग सुमारे १४० अंशांना भाजलेला असतो. गॅरेजमधला साधारण ६० अंशांना, आणि त्यातली द्रावकं पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतात. रंग बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेला काळ, साधारण एक ते तीन महिने, जाऊ द्या आणि मगच वर काही चढवा. पीपीएफ लावायची असेल तर आणखी जपा. रंगाची पकड कच्ची असली, तर फिल्म काढताना रंगही तिच्यासोबत निघतो.

लावण्याआधीची तयारी

वॅक्स असो वा फिल्म, निकाल तयारीवर ठरतो. कोटिंगखाली जे अडकेल ते वर्षानुवर्षं तिथेच राहील. क्रम असा: आधी भरपूर पाण्याने धूळ सोडवून मग शांपूने धुणं. त्यानंतर लोखंड काढणारा फवारा. तो लोखंडाच्या कणांवर पडला की जांभळा होऊन ओघळू लागतो. स्वच्छ दिसणाऱ्या पांढऱ्या गाडीवरून जांभळ्या धारा वाहताना पहिल्यांदा पाहिलं की माणूस चकित होतो. द्रव अंगावर वाळू न देता धुऊन टाकायचा. मग क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखा मऊ गोळा, भरपूर ओलावा ठेवून हलक्या हाताने फिरवायचा, पुन्हा पिशवीची चाचणी गुळगुळीत येईपर्यंत. जमिनीवर पडलेला क्ले पुन्हा गाडीला लावू नका. त्यात रुतलेला एक खडा सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

ओरखडे असतील तर आता पॉलिश, आणि तेही आधी एका वीतभर जागेवर. सगळ्यांत सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिश वापरून पाहायचं. तेवढ्याने भागलं तर जोरदार कंपाउंडला हात लावायचा नाही. खोल ओरखडा पूर्ण घालवण्यापेक्षा फिका करून सोडून देणं बरं. नख अडकतं तो ओरखडा पॉलिशने काढण्याच्या पलीकडे गेलेला असतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सौम्य द्रावणाने पुसून पॉलिशचं तेल काढायचं. हे तेल बारीक ओरखडे झाकतं, शिवाय कोटिंगला रंगाशी नीट जोडू देत नाही.

स्वतः सिरॅमिक लावणार असाल, तर सावलीत, थंड पत्र्यावर, एका वेळी छोट्या चौकोनात काम करा. बाटलीवर लिहिलेल्या वेळात पुसून काढा. राहिलेला जाड पट्टा कडक झाला की इंद्रधनुषी डागासारखा दिसतो आणि तो काढायला पुन्हा पॉलिशच लागतं. म्हणून प्रत्येक चौकोन पुसल्यावर टॉर्च धरून वेगवेगळ्या कोनांतून पाहत जा. पहिल्यांदाच करणाऱ्याने एका वर्षाचं सोपं कोटिंग घ्यावं. पीपीएफ घरी लावण्याच्या भानगडीत पडू नका. हँडलमागच्या खोबणीचे तयार तुकडे मात्र जमतात.

वर्कशॉपमध्ये काय विचारायचं

सरळ प्रश्न विचारा आणि उत्तरं ऐकण्यापेक्षा पाहण्यावर भर द्या. काम बंद, धूळ नसलेल्या खोलीत होतं का? पॉलिशआधी रंगाची जाडी मोजणार का आणि आकडे मला दाखवणार का? कोटिंगचं नेमकं नाव काय, सीलबंद बाटली माझ्यासमोर उघडाल का? फिल्म संगणकाने कापून आणता की गाडीवरच ब्लेडने कापता? गाडीवर कापणारे निष्णात कारागीरही असतात, पण ब्लेड थोडी खोल गेली की क्लिअर कोट कापला जातो, आणि ते फिल्म काढेपर्यंत कळत नाही. त्यांनी वर्षभरापूर्वी केलेली एखादी गाडी पाहायला मिळाली तर उत्तम. कालची गाडी सगळ्यांचीच चमकते. जुन्या गाडीवर फिल्मच्या कडा सुटल्यात का, कडेला काळी रेघ साचलीय का, ते पाहा.

वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. "पाच वर्षं" या शब्दांखाली बहुधा दरवर्षी ठरलेल्या वेळी तपासणीला येण्याची अट असते, आणि ओरखडे, खड्यांच्या खुणा, पाण्याचे डाग वगळलेले असतात. मग नेमकं काय वॉरंटीत येतं, ते बोटाने दाखवायला सांगा. सगळं काम एका दिवसात उरकतो म्हणणाऱ्याकडे मी गाडी देणार नाही. ओरखडे काढून कोटिंग करायला दोन-तीन दिवस सहज लागतात.

ताब्यात घेतल्यानंतर

सिरॅमिकनंतर पहिले २४ तास पाणी लागू द्यायचं नाही आणि साधारण आठवडाभर साबण नाही. या काळात विष्ठा पडली तर वाट पाहू नका. मायक्रोफायबर कपडा भिजवून त्या जागी दोन-तीन मिनिटं ठेवा, ढेकूळ मऊ होऊ द्या आणि मग कपडा वर उचलून घ्या. घासायचं नाही. नंतरही कायम हीच पद्धत. फिल्मखाली सुरुवातीला पाण्याचे धूसर बुडबुडे दिसले तर घाबरू नका. काही दिवसांत, थंडीत थोड्या जास्त वेळात, ते सुकतात. आत अडकलेला धुळीचा कण किंवा केस मात्र सुकत नाही. तो दिसला तर लगेच परत दाखवा.

धुताना दोन बादल्या ठेवा, एक शांपूची, एक मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) खंगाळायची. सुरुवात छतापासून, शेवट खालच्या मळक्या भागावर. चाकांसाठी वेगळा कपडा. शांपू पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा, घ्या. भांड्यांचा साबण वॅक्स उतरवतो. प्रेशर वॉशरची धार फिल्मच्या कडेवर जवळून मारू नका. फिरत्या ब्रशच्या स्वयंचलित धुलाईत कोटिंग केलेली गाडी नेऊ नका, कारण आधीच्या गाडीची वाळू त्याच ब्रशात असते. कव्हर घालायचं असेल तर स्वच्छ गाडीवरच घाला.

काही महिन्यांनी पाण्याचे थेंब पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत, तर कोटिंग गेलं असं लगेच समजू नका. अनेकदा त्यावर क्षारांचा आणि मळाचा पापुद्रा बसलेला असतो. एकदा लोखंड काढणारा फवारा आणि क्षार काढणारं क्लीनर वापरून धुऊन पाहा. थेंब परतले तर कोटिंग शाबूत आहे. नाही परतले, तर वरून फवारायचं सीलंट लावून वर्षभर काढता येतं.

फिल्म काढायची वेळ आली, म्हणजे ती पिवळसर झाली, कडा कडक झाल्या किंवा वॉरंटीची वर्षं संपत आली, की उगाच पुढे ढकलू नका. वेळेत काढलेली फिल्म कोमट करून, पृष्ठभागाशी लहान कोन ठेवून हळू ओढली की सलग सुटते. भाजलेली, जुनी झालेली फिल्म तुटत निघते आणि गोंद रंगावरच राहतो. तो मग द्रावकाने, तासन्‌तास, बोटांनी सोडवावा लागतो.